दोन आयांचा हट्ट आणि टाचेतला थेंब

नवजात बाळाच्या टाचेला टोचून गाळणकागदावर रक्ताचे थेंब टिपतात. ही पद्धत रूढ झाली ती पीकेयू, म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया, या दुर्मीळ आजारामुळे. प्रथिनांमधल्या एका घटकाचं, म्हणजे फिनाइलअ‍ॅलॅनिनचं रूपांतर करणारं एन्झाइम या मुलांत नीट काम करत नाही. मग हा घटक रक्तात साठतो आणि मेंदूची वाढ खुंटते. जन्मतः मात्र बाळ धडधाकट दिसतं, आणि तिथेच सगळे फसतात.

१९३४ साली ओस्लोमध्ये एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन डॉक्टर आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे आली. दोघांचीही बौद्धिक वाढ खुंटलेली. त्यांच्या अंगाला विचित्र वास येतो, हे ती सांगत आली होती, पण कोणाकडून उत्तर मिळालं नव्हतं. फोलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर ती हिरवी झाली. औषधांमुळे असेल म्हणून औषधं बंद करून पुन्हा तपासली, पुन्हा हिरवीच. मग लिटरच्या लिटर लघवी जमवून त्यांनी तिच्यातलं फिनाइलपायरुविक आम्ल वेगळं काढलं. आजार सापडला, पण उपचार नव्हता.

तो शोधायला लावला दुसऱ्या आईने. १९५१च्या सुमारास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये डॉक्टर हॉर्स्ट बिकेल यांनी एका चिमुरडीचं निदान केलं. निदानाचं कौतुक आईला काय असणार! ती रोज सकाळी प्रयोगशाळेबाहेर उभी राहून उपाय विचारायची. शेवटी बिकेल आणि सहकाऱ्यांनी फिनाइलअ‍ॅलॅनिन काढून टाकलेलं प्रथिनांचं मिश्रण तयार केलं. मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, केसही गडद झाले. मेंदूचं आधी झालेलं नुकसान मात्र भरून आलं नाही.

म्हणजे आहार लगेच, पहिल्या आठवड्यांतच सुरू व्हायला हवा. अमेरिकी संशोधक रॉबर्ट गथ्री यांचा मुलगा बौद्धिक अपंग होता आणि भाचीला पीकेयू होता. त्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर होणारी स्वस्त चाचणी आणली.

चाचणी आली म्हणून घरच्यांची कसोटी संपली नाही. घासागणिक प्रथिनांचा हिशेब, स्वयंपाकघरात तराजू आणि नाक मुरडायला लावणारं ते मिश्रण. पूर्वी शाळकरी वयात पथ्य सोडायला सांगत. ती चूक होती, हे मुली मोठ्या झाल्यावर कळलं: पथ्य सोडलेल्या आयांची बाळं लहान डोक्याची, काही हृदयदोष घेऊन जन्मली. आता पथ्य जन्मभराचं मानतात. साखरेऐवजी अ‍ॅस्पार्टेम घातलेल्या शीतपेयाच्या डब्यावर ‘यात फिनाइलअ‍ॅलॅनिन आहे’ अशी बारीक ओळ असते. ती याच घरांसाठी.