मुलांचा निबंध तिसऱ्या ओळीवर का अडतो?

"काय लिहू, काही सुचतच नाही." सहावी-सातवीच्या वर्गात निबंधाचा विषय फळ्यावर आला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याच मुलाला त्याच विषयावर बोलायला सांगा, तो थांबायचं नाव घेत नाही. तरी वाचन कमी, लक्ष नाही, आळस आहे, असे निष्कर्ष आपण फार घाईने काढतो आणि त्या मुलावर अन्याय करतो.

1981 मध्ये लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या अमेरिकी संशोधकांनी लेखनप्रक्रियेचं एक प्रारूप मांडलं. लिहिता लिहिता मनात जे येईल ते लोकांना मोठ्याने बोलायला लावून त्यांनी ते तयार केलं होतं. आधी आखणी, मग लेखन, शेवटी तपासणी अशी सरळ रांग त्यात दिसली नाही. लिहिणारा या तिन्हींमध्ये सारखा ये-जा करत असतो. ही सगळी ओढाताण कार्यकारी स्मृतीला सोसावी लागते. काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी ही मेंदूची व्यवस्था मोठ्या माणसांतही तुटपुंजीच असते. एका वेळी जेमतेम तीन-चार गोष्टी तिच्यात मावतात. बारा वर्षांच्या मुलाचं बरंचसं लक्ष ऱ्हस्व-दीर्घ, अक्षराचं वळण आणि विरामचिन्हं यांतच खर्ची पडतं. मुद्द्यासाठी उरतं फार थोडं.

मुलं यातून स्वतःच वाट काढतात. आठवेल ते, आठवेल त्या क्रमाने लिहीत जायचं आणि आठवणं संपलं की थांबायचं. कार्ल बेराइटर आणि मार्लीन स्कार्डामालिया यांनी 1987 मध्ये या पद्धतीला 'ज्ञानकथन' म्हटलं. अनुभवी लेखक मात्र वाचक डोळ्यांपुढे ठेवून त्याच माहितीची फेरमांडणी करतो आणि ती करताना त्याचं स्वतःचं आकलनही बदलतं.

ही उडी आपोआप येत नाही, शिकवावी लागते. चौथी ते बारावीच्या मुलांवरचे अनेक प्रयोग एकत्र करून स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये त्यांचा ताळा मांडला. आखणी, लेखन आणि दुरुस्तीच्या युक्त्या शिक्षकाने करून दाखवून शिकवल्या, तर परिणामाचा आकडा 0.82 आला. अशा मोजणीत 0.8 म्हणजे मोठा फरक मानतात. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा आकडा शून्याच्याही खाली गेला. व्याकरण नको असा याचा अर्थ नाही. ते वाक्य घडवताना हाताशी यायला हवं.

त्यासाठी वाक्यजोडणीचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो. फ्रँक ओहेअर यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेला त्यावरचा प्रयोग सातवीच्याच मुलांवर होता. मुलांना सुटी वाक्यं द्यायची: पाऊस थांबला. मैदान ओलं होतं. मुलं खेळायला उतरली. कुणी लिहील, "पाऊस थांबताच मुलं ओल्या मैदानात खेळायला उतरली." कुणी लिहील, "पाऊस थांबला तरी मैदान ओलं होतं, पण मुलं खेळायला उतरलीच." माहिती तीच, पण पहिल्यात घाई आहे आणि दुसऱ्यात हट्ट. त्या 'च'ने काय केलं यावर वर्गात चर्चा रंगली, की अव्ययांचा धडा वेगळा घ्यावा लागत नाही. शिवाय आशय तयार असल्याने सगळं लक्ष रचनेवर देता येतं. म्हणून अडखळणाऱ्या मुलांनाही हा सराव झेपतो.

राहता राहिला वाचक. वहीच्या कडेला 'अधिक स्पष्ट लिहा' असा शेरा मारून तो मुलाला दिसत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मुलांना एका साध्या भौतिकशास्त्रीय प्रयोगाची कृती लिहायला दिली. मग ती वाचून दुसरी मुलं प्रयोग करताना कुठे अडखळतात, हे लिहिणाऱ्यांना दाखवलं. तेवढ्याने त्यांच्या दुरुस्तीचा दर्जा वाढला.

हे कुठल्याही वर्गात करता येतं. कागदाची होडी कशी करायची ते मुलांना लिहायला सांगा आणि लिहिलेलं शेजारच्याच्या हाती द्या. त्याने वाचत वाचत होडी करायची, लिहिणाऱ्याने फक्त बघायचं, मध्ये बोलायचं नाही. "कागद दुमडा" एवढंच लिहिलं असेल, तर उभा की आडवा या प्रश्नापाशी हात थांबतात. दुरुस्त मसुद्यात मग आखूड बाजू, लांब बाजू, वरची कडा असे शब्द येतात आणि ते शिक्षकाने सांगितलेले नसतात.