खेळातून बालशिक्षण

साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अक्षर-अंकांची शिकवणी न लावता खेळ, गाणी, गोष्टी, हाताची कामे आणि मोकळी हालचाल यांतून शिकू देण्याची पद्धत. या वयात खेळणे आणि शिकणे ही दोन वेगळी कामे नसतात, हा तिचा पाया. ‘आधी अभ्यास, मग खेळ’ हा घरोघरचा नियम इथे गैरलागू ठरतो, कारण पाण्यात हात घालून बसलेल्या चार वर्षांच्या मुलाचा अभ्यास चालूच असतो.

या पद्धतीच्या नावाखाली पुष्कळदा दुसरेच काहीतरी चालते. जमिनीवर ‘अ’, ‘आ’, ‘इ’ काढायचे आणि बाई सांगतील त्या अक्षरावर मुलांनी उडी मारायची, ही कवायत झाली. तिचाही उपयोग आहे, पण तिला खेळ म्हणू नये. खेळ मूल आपणहून सुरू करते, मध्येच त्याचे नियम बदलते आणि कंटाळा आला की सोडून देते. मोठ्यांनी साहित्य मांडून ठेवावे, वाटल्यास एखादी कल्पना सुचवावी. पुढची सूत्रे मुलाच्या हाती राहिली पाहिजेत.

भातुकली आणि इतर खेळ

मराठी घरांत या शिक्षणाचे सर्वांत जुने आणि सर्वांत समृद्ध साधन म्हणजे भातुकली. सावंतवाडीची रंगीत लाकडी भांडी असोत, आजीने जपलेली पितळी बोळकी असोत की नुसत्या करवंट्या, मुलाला सगळे सारखेच. चिंचोक्यांचा भात होतो, पानांची पोळी होते, ओल्या मातीचे लाडू वळले जातात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की (1896–1934) यांनी काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊन या खेळाचे मर्म सांगितले. काठीला घोडा म्हणताना मूल वस्तू आणि तिचा अर्थ यांची फारकत करायला शिकते. चिंचोका भाताच्या जागी उभा राहू शकतो हे ज्या मुलाच्या अंगवळणी पडले आहे, त्याला पुढे ‘क’ ही वळणदार खूण एका आवाजाच्या जागी उभी राहते हे समजायला जड जात नाही. भातुकलीत रमलेल्या मुलाची वाचनाची तयारी अशी पाटी-पेन्सिलीवाचून होत असते.

भातुकलीतून संयमही येतो. वाटीत खरे दाणे-गूळ असतात, तोंडाला पाणी सुटलेले असते. पण ‘आई’ झालेल्या मुलीला आधी पाहुण्यांना वाढायचे असते, म्हणून ती थांबते. एरवी दहा वेळा सांगूनही न थांबणारे मूल खेळातल्या भूमिकेखातर थांबते. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळाचेही तेच. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटले तर हात वर करायचा आणि नुसते ‘हात वर’ म्हटले तर करायचा नाही. उचललेला हात आवरणे, नियम लक्षात ठेवणे आणि नियमानुसार चटकन बदलणे या तिन्ही गोष्टींचा सराव त्यात होतो. शाळेत टिकून बसायला पुढे हेच उपयोगी पडते.

बडबडगीते आणि आपडी-थापडीसारखे टाळ्यांचे खेळ कान तयार करतात. यमक ओळखणे, ‘का-व-ळा’ असे शब्द फोडून टाळ्या वाजवणे, ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू घरभर शोधणे, यांतून शब्द आवाजांचे बनलेले असतात हे मुलाला उमगते. ही जाण नसताना अक्षरे गिरवून घेतली, तर अक्षर हे केवळ चित्र राहते.

हाताचेही तसेच. मनगटातली हाडे पूर्ण तयार व्हायला बरीच वर्षे लागतात आणि तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिल नीट पेलत नाही. शेंगा सोलणे, दाणे चिमटीने निवडणे, कणकेचे गोळे करणे, लिंबू पिळणे, रांगोळीचे ठिपके टाकणे, दिवाळीच्या किल्ल्यासाठी चिखल कालवणे ही लेखनपूर्व कामेच आहेत. धूळपाटीवर बोटाने अक्षर काढण्याची जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची होती. तीत बोटांवर ताण येत नाही आणि चुकलेले अक्षर हाताने पुसून टाकता येते. मुळाक्षरांच्या क्रमाऐवजी वळणाच्या साम्यावरून ‘ग म भ न’ने सुरुवात करण्यामागेही हाताचाच विचार आहे.

गणित जेवणाच्या पंगतीत सुरू होते. प्रत्येकासमोर एक ताट, प्रत्येक ताटात एक वाटी, मांडता मांडता एक वाटी कमी पडते; मोजण्याचा अर्थ मुलाला तिथे सापडतो. ‘एक ते शंभर’ म्हणून दाखवणाऱ्या मुलाला तो सापडलेला असेलच असे नाही. उभट पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतले की या वयाच्या बहुतेक मुलांना ते कमी झाल्यासारखे वाटते. हे स्विस अभ्यासक जाँ पियाजे (1896–1980) यांनी दाखवून दिले. तोंडी समजावून हा समज सहसा जात नाही. मूल वाढते आणि पुष्कळ ओतते-सांडते, तेव्हा जातो.

बोर्डी आणि कोसबाड

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी खेळप्रधान संस्था काढली आणि तिला पुढे ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांची बाग’ असे नाव दिले. इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत सुरू झाले. गुजरातचे शिक्षक गिजुभाई बधेका यांनी माँटेसरींचे विचार स्वीकारून 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले. माँटेसरी स्वतः भारतात आल्या त्या 1939 मध्ये. कल्पनाविश्वातल्या खेळांपेक्षा प्रत्यक्ष कामावर त्यांचा भर होता; गिजुभाईंनी मात्र गोष्टी, गाणी आणि नाटुकल्यांना बालमंदिरात मानाचे पान दिले.

शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (1892–1973) 1923 मध्ये भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवले. तिथे येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतली होती आणि माँटेसरी साधने महाग होती. गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न घेऊन 1945 मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ (1910–1992) त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या या शिक्षिकेने पुढचे सगळे आयुष्य या कामाला दिले.

भारतीय बालशिक्षणाला कलाटणी मिळाली ती इथे. बालवाडी उघडली म्हणून वस्तीतली मुले येतातच असे नाही, हे दोघींच्या लक्षात आले. तेव्हा त्या साहित्य घेऊन वस्तीत गेल्या आणि घरांपुढच्या अंगणात मुले गोळा करून खेळ सुरू केले. ती अंगणवाडी. दिवसाचा आरंभ अनेकदा आंघोळ घालणे, केस विंचरणे आणि नखे कापणे यांनी होई आणि तोही शिक्षणाचाच भाग मानला जाई. साधने परिसरातून आली. समुद्रकाठचे शिंपले, बिया, खडे, पाने, माती आणि बांबू यांवर लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे शिकता येते. विकतच्या ठोकळ्यांवाचून काही अडत नाही, ही या प्रयोगाची मोठी देणगी.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात हलले. तिथली थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून घरी राहणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली, ती विकासवाडी. मूल शाळेला जुळत नसेल तर शाळेने मुलाला जुळवून घ्यावे, हे तत्त्व इतक्या सरळपणे अमलात आणल्याची उदाहरणे थोडी आहेत. केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. डहाणू परिसरात 1982 पासून ग्राममंगल ही संस्था अनुताईंचा हा वारसा पुढे नेत आहे.

मोठ्यांचे काम

मुलाला शिकण्याची गोडी लावावी लागते, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. गोडी उपजत असते. ती जाऊ न देणे हे खरे काम. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांच्या, चित्रे काढायला आवडणाऱ्या पन्नासेक मुलांवर झालेला आणि 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे काही मुलांना आधीच सांगितले होते. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात त्याच मुलांनी इतरांच्या निम्माच वेळ चित्रांना दिला. ‘कविता म्हटलीस तर चॉकलेट देईन’ हे आमिष आज कविता म्हणवून घेते आणि उद्याची कविता महाग करून ठेवते.

बक्षिसापेक्षा सोबत मोलाची असते. ‘हा कोणता रंग?’ या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला माहीत असते आणि हे मुलालाही कळते. ‘हा पूल पडला कसा?’, ‘आता काय करायचं?’ असे विचारून थांबले की मूल बोलू लागते. हे थांबणे मोठ्यांना फार अवघड जाते. मनोरा वाकडा होताना दिसतो आणि हात पुढे जातो. तो आवरला तर मुलाला पडलेल्या मनोऱ्यातून तोल कळतो. हे बोलणे घरच्या भाषेत व्हावे, मग ती वारली असो, मालवणी असो की अहिराणी.

घर लहान असले तरी चालते. एका टोपलीत झाकणे, डबे, चिंध्या, बुडखे आणि दोरी, रोज तासभर कुणी हटकणार नाही असा वेळ आणि पसारा सहन करण्याची तयारी एवढे पुरते. मात्र चिंचोके, मणी यांसारख्या बारीक वस्तू आणि पाणी यांच्या खेळात मोठ्यांचे लक्ष हवेच. हालचाल भरपूर हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान 180 मिनिटे हालचाल करावी आणि पडद्यासमोर एका जागी बसण्याचा वेळ तासाभरापेक्षा जास्त नसावा.

सद्यस्थिती

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. 2022 मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ ही खेळणी, कोडी, गोष्टी आणि कार्डांची पेटी. महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा कृतिप्रधान अभ्यासक्रम तयार करण्यात आला. नर्सरी प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या आणि मुलाखती घेऊ नयेत, असे शालेय अभ्यासाचे ओझे कमी करण्यासाठी नेमलेल्या यशपाल समितीने 1993 मध्येच सुचवले होते.

कागदावर खेळाचा विजय झाला आहे. वर्गात तो अजून व्हायचा आहे. अंगणवाडी सेविकेच्या माथ्यावर वजने, पोषण आहार, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी एवढे काम असते की खेळासाठी उरणारा वेळ तुटपुंजा ठरतो. खासगी शाळांत वह्या भरून दाखवण्याचा आग्रह आहे. त्याचा दोष केवळ शाळांना देता येत नाही. दारात उभे राहून ‘आज काय लिहिलं?’ असे विचारणारे पालक काळजीपोटीच विचारतात. त्यांना भाषणाने पटत नाही. म्हणून काही बालवाड्या पालकसभेत त्यांनाच चटईवर बसवून बिया, शिंपले आणि ठोकळे हातात देतात आणि अर्ध्या तासाने विचारतात, काय काय केलंत ते सांगा.