बंद कॉम्प्युटर कुठवर पोचला होता?

मे महिना पुण्याला लेकीकडे काढून आत्या चिपळूणला परतली. मृगाचा पाऊसही तिच्या मागोमाग आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "अरे, सीपीयू गेला बहुतेक. पंखा घूं घूं करतोय, पण टीव्हीवर काही येत नाही." सीपीयू म्हणजे अख्खा डबा आणि टीव्ही म्हणजे मॉनिटर. हे घरोघरचं भाषांतर आहे, मी ते दुरुस्त करायला जात नाही. पंखा फिरतोय ही तिने दिलेली बातमी मात्र लाखमोलाची होती.

कॉम्प्युटर 'चालू होत नाही' हे वाक्य फार मोघम आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत आत पाच-सहा जण एकमेकांच्या हातात काम सोपवत असतात. ते कोणाच्या हातात अडकलं, एवढंच शोधायचं असतं.

सुरुवात बटणापासूनच करू. आपल्याला वाटतं बटणाने वीज सुरू होते. तसं नसतं. मागचा स्विच चालू असेल तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, कॉम्प्युटर 'बंद' असतानाही बोर्डाला, म्हणजे आतले सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मदरबोर्डाला, 5 व्होल्टची एक बारीक धार देत असते. म्हणूनच बऱ्याच घरांत शटडाऊन केल्यावरही माउसच्या पोटाखालचा लाल दिवा जळत राहतो. समोरचं बटण फक्त दोन पिना क्षणभर जोडतं. त्यावरून बोर्ड एसएमपीएसला सांगतो, उठ. 1995 मध्ये आलेल्या एटीएक्स रचनेची ही देणगी. त्याआधी बटण खरोखरच वीज तोडायचं. विंडोज 95 मध्ये काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची, ती त्यासाठीच.

एसएमपीएस उठला की 12, 5 आणि 3.3 व्होल्ट तयार होतात. ते स्थिर झाले की तो 'वीज ठीक आहे' असा वेगळा संकेत देतो. यात सेकंदाचा काही भाग जातो आणि तोवर प्रोसेसरला, म्हणजे सगळी कामं करणाऱ्या मुख्य चिपला (खरा सीपीयू हाच), रोखून धरलेलं असतं. आत्याचा पंखा फिरत होता, म्हणजे बटण ठीक आणि 12 व्होल्ट पोचतायत. काहीच हललं नसतं तर मी आधी भिंतीवरच्या बोर्डातली पिन, एक्स्टेन्शनचा स्विच आणि डब्यामागचा छोटा स्विच तपासायला लावला असता. हसू नका, झाडू मारताना वायरीला धक्का लागणं हा फार मोठा 'बिघाड' आहे.

"आत्या, कीबोर्डवर कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो का?" नाही लागला. लागून विझत असता, तर कॉम्प्युटर आत जागा आहे, दोष मॉनिटरचा किंवा केबलचा, असं मानता आलं असतं. चित्र तयार करणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या डब्यात केबल चुकून बोर्डाच्या भोकात खुपसलेली मी किती वेळा पाहिली आहे. दिवा लागला नाही, म्हणजे गाडी त्याआधीच कुठेतरी थांबलेली.

"काही वाजतंय का?"

"हो, लांबलचक टूऽऽ, थांबतं, परत टूऽऽ."

इथे थोडं थांबायला हवं. मोकळा सुटलेला प्रोसेसर सगळ्यात आधी एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. तिथे बोर्डावरच्या चिपमध्ये कोरलेला प्रोग्रॅम असतो, जुन्या बोर्डांत बायोस, नव्यांत यूईएफआय. त्या क्षणी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, वापरण्याजोगी नसते. ती ओळखायची, तिचा वेग जुळवायचा, हे काम याच प्रोग्रॅमचं. मग त्याने स्वतःची टिपणं ठेवायची कुठे? आजचे प्रोसेसर त्यासाठी आपल्याच पोटातली कॅशे ही छोटी मेमरी तात्पुरती पाटी म्हणून वापरतात. रॅम सापडली नाही तर पडद्यावर अक्षर उमटवण्यापर्यंत मजलच जात नाही, उरतो फक्त भोंगा. बीपची भाषा बोर्डागणिक बदलते, पण लांब बीप पुन्हा पुन्हा वाजणं हा कित्येक जुन्या बोर्डांवर रॅमचा संकेत असतो. बऱ्याच नव्या बोर्डांवर भोंग्याऐवजी चार छोटे दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूट यांचे. ज्याचा दिवा जळत राहिला तिथे घोडं अडलं. एक अपवाद लक्षात ठेवा. डीडीआर5 या नव्या पिढीच्या रॅमचा कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. तेव्हा घाबरून प्लग उपटू नका, तो रॅमशी सूर जुळवत असतो.

आत्याची रॅम जुन्या पिढीची, डीडीआर3. पट्टीच्या कडेला दोन्ही बाजू मिळून 240 सोनेरी पट्ट्या, आणि त्यांतल्या एखाद-दोन जरी खाचेतल्या स्प्रिंगला नीट टेकल्या नाहीत तरी सगळं ठप्प. सोनं गंजत नाही, पण हा मुलामा अतिशय पातळ असतो. महिनाभर बंद घर, धूळ आणि वर कोकणातली दमट हवा, संपर्क बिघडायला एवढं पुरतं. रॅम काढून खोडरबराने पुसण्याचा रिवाज आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. उपाय लागू पडतो, पण माझ्या मते श्रेय बहुतेक वेळा खोडरबराचं नसतं. काढून परत बसवताना जे घासलं जातं, तेच पुरतं. खरखरीत रबराने मुलामा झिजतो आणि त्याचा चुरा खाचेत पडतो. कोरडं सुती फडकं बरं.

"प्लग काढ. बटण पाच सेकंद दाबून ठेव, आत उरलेली वीज निघून जाईल. डब्याच्या पत्र्याला हात लाव, मग झाकण उघड. ती चौकोनी पत्र्याची पेटी मात्र उघडायची नाही हं." 230 व्होल्टचा एसी प्रवाह एसएमपीएसमध्ये सुमारे 325 व्होल्ट डीसी होतो आणि प्लग काढल्यावरही तिथल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही काळ दबा धरून बसू शकतो.

दोन्ही कडांचे चाप उघडून तिने पट्टी काढली, पुसली, 'टक्' होईपर्यंत दाबून बसवली. बटण. एकच छोटी बीप. "आलं रे चित्र!"

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. लाइट बिल भरायचं होतं, पण एकही साइट उघडेना, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणे. मी कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितली. 1 जानेवारी, आणि सालही काही वर्षांपूर्वीचं. साइटच्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून वैध' अशी अट असते. आत्याच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती तारीख अजून उगवायचीच होती.

हा बोर्डावरच्या बटणसेलचा प्रताप. सीआर2032, म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड, 3 व्होल्टचा. सेकंदाला 32,768 वेळा थरथरणाऱ्या क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर घड्याळ चालतं. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडलेला. सेल कधीचाच संपला असणार, पण प्लग लावलेला असताना त्या 5 व्होल्टच्या धारेवर घड्याळ तगून होतं. विजांच्या भीतीने आत्या पुण्याला जाताना प्लग काढून गेली, तेव्हा ते थांबलं.

संध्याकाळी घड्याळजीकडून सेल आणून तिने तो बसवला आणि मला विचारलं, "तारीख आजचीच टाकायची ना?"