ओटीटी-स्थित्यंतर, मराठवाड्यातील

केबल किंवा छत्रीवरून (डीटीएच) येणारी दूरचित्रवाणी सेवा सोडून, किंवा नुसतीच मागे ठेवून, इंटरनेटवरून चालणाऱ्या प्रवाही सेवेकडे घराघरांनी वळण्याची प्रक्रिया. मराठवाड्याच्या छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी व हिंगोली या आठ जिल्ह्यांत ती साधारणपणे २०१६ ते २०२३ या काळात घडून आली. ‘ओटीटी’ हा ‘ओव्हर द टॉप’ या शब्दांचा संक्षेप. कार्यक्रम केबलचालकाला किंवा डीटीएच कंपनीला वगळून थेट प्रेक्षकाकडे जातो, असा त्याचा अर्थ. ‘प्रवाही सेवा’ हा प्रतिशब्द ग्रंथातच राहिला. बोलण्यात ‘मोबाईलवर बघणे’ किंवा ‘नेटवर बघणे’ असेच म्हणतात. डीटीएचच्या तबकडीला खेड्यांत सर्रास ‘छत्री’ म्हटले जाते आणि सेवा बंद केली की ‘छत्री काढली’, ‘केबल तोडली’ असे शब्दप्रयोग होतात.

पूर्वपीठिका : १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून शैक्षणिक दूरचित्रवाणीचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारच्या कर्नाटकातील गुलबर्गा जिल्हा मात्र होता. उपग्रहाचे चित्र त्यामुळे मराठवाड्याच्या सीमेपलीकडे आधी दिसले. १९८३च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यावर दूरदर्शनची सहक्षेपण केंद्रे (उपग्रहावरून आलेला कार्यक्रम आसपासच्या भागात पुन्हा प्रक्षेपित करणारी केंद्रे) देशभर झपाट्याने वाढली. म्हैसमाळ व अंबाजोगाई येथील मनोऱ्यांमुळे छतावरच्या अँटेनावर चित्र येऊ लागले. १९९१नंतर केबल, २००३नंतर खाजगी डीटीएच आणि १६ डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची विनाशुल्क डीटीएच सेवा (आजची डीडी फ्री डिश) हे पुढचे टप्पे. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणात औरंगाबाद शहर दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत होते व त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. उरलेली शहरे व ग्रामीण भाग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यांत आले आणि मुदतवाढी मिळत ते काम २०१७पर्यंत लांबले. परिणामी अनेक गावांत सेट टॉप बॉक्स आणि स्वस्त मोबाईल डेटा जवळजवळ एकाच सुमारास दारात उभे राहिले. पुढचा सारा प्रकार समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

आरंभाचा प्रश्न : स्थित्यंतराचा आरंभ कोठे धरायचा याविषयी चार मते आढळतात. पहिले मत २५ फेब्रुवारी २०१६ या तारखेकडे बोट दाखवते. त्या दिवसापासून दूरदर्शनने देशातील १६ शहरांत मोबाईलसाठी डिजिटल भूप्रक्षेपण (जमिनीवरील मनोऱ्यावरून होणारे प्रक्षेपण) उपलब्ध केल्याचे जाहीर केले आणि त्या यादीत औरंगाबाद होते. डीव्हीबी-टी२ पद्धतीचा हा संकेत पकडायला ओटीजी सोय (बाहेरचे उपकरण जोडण्याची सोय) असलेला फोन आणि त्याला लावायचा छोटा डोंगल लागे. इंटरनेट लागत नसे आणि डेटाही खर्च होत नसे. हातातल्या फोनवर दूरचित्रवाणी ही कल्पना सरकारी पातळीवर मराठवाड्यात प्रथम येथे दिसते, हे खरे. तथापि हे तांत्रिकदृष्ट्या प्रक्षेपणच होते. मनोरा एकच संकेत सर्वांना एकाच वेळी देतो. प्रवाही सेवेत प्रत्येक फोन आपापल्या वेळी, आपापला तुकडा मागून घेतो. म्हणून या तारखेला पूर्वसूचनेपेक्षा अधिक स्थान देणे कठीण आहे.

दुसरे मत ५ सप्टेंबर २०१६ ही जिओ सेवेच्या प्रारंभाची तारीख धरते. मार्च २०१७ अखेरपर्यंत जवळपास मोफत मिळालेल्या डेटामुळे फोनवर चित्रफीत पाहण्याची सवय तालुक्याच्या गावापलीकडे पोचली. तिसरे मत १ फेब्रुवारी २०१९ पासून अंमलात आलेल्या ट्रायच्या (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नव्या दररचनेला महत्त्व देते. तोवर केबलवाल्याला महिन्याला ठराविक रक्कम दिली की सगळे लागत असे. नव्या रचनेत १०० वाहिन्यांच्या जोडणीसाठी १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. आपण नेमके कशाचे पैसे देतो हा प्रश्न घराघरांत प्रथमच विचारला गेला. चौथे मत २०२०च्या टाळेबंदीचे. ते लोकप्रिय असले तरी जपून घ्यावे लागते : मालिकांचे चित्रीकरण थांबले तेव्हा दूरदर्शनने जुन्या पौराणिक मालिका पुन्हा दाखवल्या आणि लोक उलट जुन्या पडद्याकडे परतले.

प्रस्तुत नोंदीत दुसरे व तिसरे मत एकत्र घेतले आहे. २०१६ने पर्याय दिला, २०१९ने कारण दिले.

तंत्र : डीडी फ्री डिशची छत्री ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहाकडे रोखलेली असते. मराठवाड्यातून तो जवळजवळ नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंशांवर येतो. त्यामुळे गावातल्या छत्र्यांची तोंडे एकाच दिशेला वळलेली दिसतात. डीटीएचच्या केयू पट्ट्यातील (उच्च वारंवारतेच्या) लहरी जोरदार पावसात क्षीण होतात आणि चित्र चौकोनांत फुटून थांबते. प्रवाही सेवेत चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत साठवलेला असतो. जाळ्याचा वेग पाहून ॲप योग्य दर्जाचा तुकडा मागवते. म्हणून येथे चित्र फुटण्याआधी धूसर होते आणि मग गोल फिरू लागतो. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला १ जीबीपर्यंत, एचडीला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. रोज दीड जीबीच्या पॅकवर एचडीचा एक तास म्हणजे दोन दिवसांचा शिधा. रात्री आठला आजीने “माझी मालिका लाव रं” म्हटले, की नातू आधी किती नेट उरले ते बघतो, दर्जा खाली ओढतो, मग फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतो.

प्रादेशिक विशेष : इतरत्र न दिसणारे एक कारण येथे ठळक आहे. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या मागे-पुढे घर सोडतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. बंद घरावरच्या छत्रीचा रिचार्ज या काळात वाया जातो; फोन मात्र कोपीपर्यंत (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीपर्यंत) बरोबर जातो. लातूरला शिकवणीसाठी खोल्या करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांचेही तसेच. जे सहा महिने किंवा दोन वर्षे घराबाहेर असतात त्यांनी छत्रीचा मोह आधी सोडला. या स्थित्यंतराच्या वर्णनांत शहरी मध्यमवर्गाचा स्मार्ट टीव्ही पुढे असतो आणि या मजुरांचा फोन मागे पडतो, ही मोठी उणीव आहे.

दुसरे कारण विजेचे. भारनियमनात टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बंद पडतात, चार्ज केलेला फोन चालतो. टॉवरची बॅटरी उतरली की तोही थांबतो, हा भाग वेगळा.

मात्र जुनी सेवा पूर्ण गेली असे मानणे चूक ठरेल. ट्रायच्या आकड्यांनुसार देशातील सशुल्क डीटीएच ग्राहक २०२०अखेर सुमारे ७ कोटी होते, ते मार्च २०२४मध्ये सुमारे ६.२ कोटींवर आले. फ्री डिश या गणतीत नाही. मराठवाड्यातील पुष्कळ घरांनी सशुल्क छत्री काढून एकीकडे फ्री डिश आणि दुसरीकडे फोन अशी वाटणी केली : बातम्या व जुने चित्रपट भिंतीवरच्या पडद्यावर, क्रिकेट व मालिका हातात. २०२३ची आयपीएल जिओसिनेमावर विनामूल्य दाखवली गेल्याने ही वाटणी अधिक पक्की झाली.

उद्योगाच्या अंगाने पैठण रस्त्यावरील चितेगावचा व्हिडिओकॉन कारखाना उल्लेखनीय. याच समूहाची व्हिडिओकॉन डी२एच सेवा २००९मध्ये सुरू झाली व मार्च २०१८मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. त्याच वर्षी मूळ कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

स्थानिक वाहिन्या : केबलचालक स्वतःच्या नियंत्रणकक्षातून एक स्थानिक वाहिनी चालवीत. गावची जत्रा, गणेश विसर्जन, नगरपालिकेची मतमोजणी, शाळेचे स्नेहसंमेलन, मोंढ्यातले भाव आणि निधनवार्तांची खाली सरकणारी पट्टी हे तिचे विषय. वर्गणी घटली तशा या वाहिन्या एकेक करून थांबल्या. त्यांची जागा यूट्यूबवरील गावोगावच्या बातमीवाहिन्यांनी काही प्रमाणात घेतली. पण जुनी चित्रणे कॅसेट व सीडींवर होती आणि ती नव्या माध्यमावर आपोआप आली नाहीत. ज्या चालकांकडे त्या पेट्या अजून आहेत, त्यांच्याकडे १९९० ते २०१० या काळातील छोट्या गावांचा हलता इतिहास आहे. उष्णता आणि बुरशी या दोन्हींनी चुंबकीय फीत खराब होते. तिची डिजिटल प्रत करायला चालू स्थितीतला व्हीसीआर लागतो, आणि ती यंत्रे बनणे २०१६मध्येच थांबले.