सोलापुरातली थंडीची अळंबी: पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात थंडीत रानअळंबीचा रस्सा होतो तो वाळवणाचा. ओली रानअळंबी मार्गशीर्ष-पौषात वारुळावर मिळत नाही. इथला पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनातला. उत्तरा-हस्ताच्या सरी होऊन ऊन पडलं की माळावरच्या वारुळातून ती वर येते आणि दोन-तीन दिवसांत किडून जाते. म्हणून खाऊन उरलेली देठासकट उभी चिरायची, काळी माती सुरीने खरवडायची आणि पोत्यावर कडक उन्हात वाळवायची. वाळली की दहातला जेमतेम एक भाग उरतो. प्रथिनं मात्र त्यातच राहतात, आणि उन्हामुळे तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात: मनुस्मृतीत लसूण-कांद्याच्या पंगतीत कवक, म्हणजे अळंबी, वर्ज्य सांगितली आहे. माळावर मेंढरं राखणाऱ्यांना आणि शेतमजुरांना ते बंधन कधी नव्हतं.

खरा गुंता आहे तो ही भाजी म्हणायची की वशाट, म्हणजे मांसाहार, याचा. सोलापुरात लिंगायत आणि जैन घरं भरपूर, त्यामुळे हा प्रश्न इथं नुसता चर्चेचा राहिला नाही. पॅकेटांवर शाकाहारासाठी हिरवा ठिपका आला 2001 च्या सुमारास. नियमात मांसाहाराची व्याख्या प्राण्यापासून आलेला पदार्थ अशी केली होती, दूध वगळून. अळंबी प्राणी नाही, म्हणून तिला हिरवा ठिपका मिळाला. पण ती वनस्पतीही नाही, बुरशी आहे. 1969 साली मांडलेल्या वर्गीकरणात बुरशीला स्वतंत्र सृष्टी दिली गेली, आणि तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, जे खेकड्याच्या कवचात आणि किड्यांच्या अंगावर असतं. त्यामुळे दोन्ही बाजूंना शास्त्राचा दाखला मिळतो. माझ्या मते नियमाने पॅकेटाचा प्रश्न सोडवला, चुलीचा नाही. इथं अळंबीला काळं तिखट, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि शेंगदाण्याचा कूट पडतो. रस्सा उकळायला लागला की घरभर मटणाचाच वास. ज्यांना तो नको त्यांच्यापुढे ठिपका दाखवून काय होणार? जैन घरांचा आक्षेप तर वेगळाच, बुरशीतल्या सूक्ष्म जीवांचा. त्याला हा नियम स्पर्शही करत नाही.

ठिपक्याचा फायदा झाला तो लागवडीच्या मशरूमला. पांढरं बटण लग्नाच्या ताटात पनीरशेजारी जाऊन बसलं. पाठोपाठ धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, आली. तिला गव्हाचं किंवा सोयाबीनचं काड चालतं आणि 20 ते 30 अंश तापमान लागतं. त्यामुळे सोलापूरची थंडी तिला मानवते, फक्त कोरड्या हवेमुळे शेडमध्ये पाणी फवारत राहावं लागतं. बचत गटांना तिने पैसे दिले, ही चांगलीच गोष्ट. पण हुरड्याच्या दिवसांत हीच वाळलेली धिंगरी 'रानची' म्हणून खपवली जाते, हे मला पटत नाही. वारुळाची अळंबी वाळवीच्या संगतीनेच वाढते, तिची शेडमध्ये लागवड होत नाही. आणि वारुळंच उरत नाहीत. 1980 साली उजनी धरण झाल्यावर पाणी पोचलं तिथं माळ फुटून ऊस आला, उरलेली वारुळं ट्रॅक्टर आणि जेसीबीने सपाट केली.

घेताना ओळखीच्या घरातूनच घ्यावी. ताज्या अळंबीची खूण असते वारुळात खोल गेलेला लांब मुळासारखा देठ आणि टोपीचं टोकदार बोंड. सुकल्यावर चिरलेल्या तुकड्यात यातलं काहीच दिसत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, या परीक्षा खोट्या आहेत. टोपीखालचे पडदे हिरवट पडणारी मोठी पांढरी छत्री गवतावर उगवते, तिच्याने जबर उलट्या-जुलाब होतात. काही जातींचं विष तर तासभर उकळूनही जात नाही. भरवशाची मिळाली तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, माती खाली बसू द्यावी आणि वरचं पाणी निवळून रस्स्यातच घालावं. कडक भाकरी त्यात चुरून खातात.