प्लास्टर निघाले, आग राहिली

मनगटाचे मोडलेले हाड जुळते, प्लास्टर निघते, एक्स-रेही चांगला येतो. पण काही रुग्णांचा हात त्यानंतरही सुजलेला, कधी लालबुंद तर कधी गार पडलेला राहतो आणि सदऱ्याची बाही नुसती घासली तरी त्याची आग होते. या विकाराला १९९४ पासून ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ म्हणतात. अमेरिकी यादवी युद्धात गोळी लागून नस दुखावलेल्या सैनिकांमध्ये डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी अशीच आग पाहिली होती. ते सैनिक हातावर सतत ओले फडके ठेवत. ‘तुमचे दुखणे मनाचे आहे’ असे ज्यांना आजही ऐकावे लागते, त्यांच्यासाठी ही जुनी नोंद मला फार मोलाची वाटते.

गोळ्या आणि फिजिओथेरपीने भागले नाही, तर सुईच्या उपचारांचा विचार होतो. हाताच्या रक्तवाहिन्यांचे आकुंचन आणि घाम यांवर ताबा ठेवणारा ‘स्टेलेट गँग्लियन’ हा अनुकंपी (आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या) चेतापेशींचा गुच्छ मानेच्या तळाशी असतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर धमन्या चुकवत डॉक्टर सुई मानेच्या सहाव्या मणक्यापाशी नेतात आणि भुलीचे औषध सोडतात. थोड्याच वेळात त्या बाजूची पापणी झुकते, बाहुली बारीक होते, आवाजही घोगरा होऊ शकतो. रुग्ण घाबरतो, पण औषधाचा अंमल ओसरला की हे सारे पूर्ववत होते. पापणी झुकली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. हात गरम झाला, तरच हाताकडे जाणारे तंतू बधिर झाले असे मानता येते. हाच विकार पायाला झाला, तर अशीच सुई कमरेत देतात.

या इंजेक्शनांचा लाभ टिकतो, याचा पुरावा अजून तोकडा आहे. म्हणूनच वेदना उतरलेल्या त्या थोड्या वेळात फिजिओथेरपिस्टने हात हलवून घेणे मला इंजेक्शनाइतकेच महत्त्वाचे वाटते.

तरीही आराम पडला नाही, तर मेरुरज्जूलगत बारीक तार बसवून सौम्य विद्युत स्पंदने देतात. नेदरलँड्समधील ५४ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी वेदना स्पष्टपणे घटल्या होत्या, मात्र पाच वर्षांनी तो फरक उरला नाही. पुढे थेट चेतामुळाच्या (मेरुरज्जूला जोडलेल्या नसेच्या मुळाच्या) गुच्छाजवळ तार ठेवण्याची पद्धत आली. २०१७ च्या १५२ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी तिला सुमारे ८१ टक्के, तर जुन्या पद्धतीला सुमारे ५६ टक्के यश मिळाले. दोन्ही पद्धतींत आधी काही दिवस तात्पुरती तार लावून पाहतात आणि वेदना साधारण निम्म्याने घटल्याचे रुग्णाने सांगितले, तरच कातडीखाली बॅटरी बसवतात.