विधानामागचे गृहीतक: एका प्रश्नप्रकाराची पार्श्वभूमी

बँक, तलाठी, राज्यसेवा. विदर्भातल्या तालुक्याच्या अभ्यासिकांमध्ये या सगळ्यांची तयारी एकाच टेबलावर चालते. ‘विधान आणि गृहीतके’, म्हणजे दिलेल्या विधानामागे न बोलता काय धरले आहे ते ओळखायचा प्रश्न, मात्र या परीक्षांत वेगवेगळ्या वाटांनी आला आहे. उत्तरतालिकेवरून होणारे बरेचसे वाद त्या वाटांमधूनच निघतात.

न बोललेला दुवा हुडकण्याची खटपट जुनीच. मीमांसा या प्राचीन भारतीय दर्शनाच्या पंडितांचे, मीमांसकांचे, ठरलेले उदाहरण असे: देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवतो. याला ते अर्थापत्ती म्हणत आणि स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे वेगळे साधन, मानत. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ती अनुमानातच बसवली. आजच्या परीक्षार्थीच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. ‘तो रात्री जेवतो’ हा निष्कर्ष. ‘जेवल्याशिवाय अंग धरत नाही’ हे गृहीतक. पहिले विधानातून बाहेर पडते, दुसऱ्यावर विधान उभे असते. पर्यायांत दोन्ही शेजारी दिले की निम्मी मुले पहिल्यावर खूण करतात.

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत चिकित्सक विचाराची एक चाचणी रूढ झाली. तिच्या पाच भागांपैकी एक भाग फक्त गृहीतके ओळखण्याचा होता, आणि उत्तरे दोनच: गृहीत धरले आहे किंवा धरलेले नाही. तिकडच्या वकिलीच्या प्रवेशपरीक्षेने पुढे ‘आवश्यक’ (ज्याशिवाय विधान टिकत नाही) आणि ‘पुरेसे’ (जे धरले की विधान सिद्ध होते) असा गृहीतकांतला भेद पक्का केला. आपल्याकडे बँकांच्या परीक्षांत याच प्रश्नाला पाच पर्याय चिकटले: फक्त १, फक्त २, १ किंवा २, एकही नाही, दोन्ही. सरकारी बँकांची सामायिक परीक्षा २०११ मध्ये सुरू झाली आणि हा साचा खेड्यापाड्यांतल्या उमेदवारापर्यंत पोचला.

खरा गुंता सूचनेच्या विधानांचा आहे. कापूस खरेदी केंद्रावरची एक सूचना घ्या: ‘ओलावा १२ टक्क्यांहून जास्त असलेला कापूस घेतला जाणार नाही, कास्तकारांनी वाळवूनच आणावा.’ खाली तीन गृहीतके. (१) वाळवल्याने कापसातला ओलावा कमी होतो. (२) सर्व कास्तकार ही सूचना पाळतील. (३) केंद्रावर बाजारापेक्षा जास्त भाव मिळतो.

कसोटी नकाराची. गृहीतक उलटे करा आणि विधान टिकते का ते पाहा. पहिले उलटे केले, ‘वाळवल्याने ओलावा कमी होत नाही’, की सूचनेतला ‘वाळवूनच आणावा’ हा भाग निरर्थक ठरतो. म्हणून ते अंतर्भूत, म्हणजे सूचनेत न बोलता धरलेले. तिसरे उलटे केले तरी सूचनेला धक्का लागत नाही. भावाबद्दल ती काही बोलतच नाही. म्हणून ते बाद.

दुसऱ्यावर मुले आणि शिकवणारे दोघेही चुकतात, आणि चूक नकारातच होते. ‘सर्व पाळतील’ याचा नकार ‘कोणीच पाळणार नाही’ असा केला तर सूचना फोल वाटते आणि गृहीतक अंतर्भूत असल्याचा भास होतो. बरोबर नकार आहे ‘काही जण पाळणार नाहीत’. त्याने सूचना कोसळत नाही. उलट अशा लोकांची गाडी परत जाणार हे तिच्यात आधीच सांगितले आहे. म्हणून (२) अंतर्भूत नाही. त्याच जागी ‘निदान काही कास्तकार सूचना वाचतील’ असे असते, तर नकार ‘एकही वाचणार नाही’ असा झाला असता, आणि कोणीच वाचणार नसेल तर फलक लावायचाच कशाला? ते अंतर्भूत. ‘सर्व’चा नकार ‘काही जण नाहीत’, ‘काही’चा नकार ‘एकही नाही’, ‘नेहमी’चा नकार ‘कधीकधी नाही’. एवढे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तर सूचनेचे बहुतेक प्रश्न सुटतात. तरीही ‘लोक सूचना पाळतील’ हे सरसकट अंतर्भूत धरणाऱ्या उत्तरतालिका वर्षानुवर्षे फिरत आहेत, कारण ‘सूचना आली की पालन गृहीत’ असा ठोकताळा शिकवणीवर्गांनी रुजवला. ‘लोक’ म्हणजे सगळे की काही, हे प्रश्न बनवणाऱ्यानेच मोघम सोडले तर त्याचा भुर्दंड मुलाने का भरावा?

‘१ किंवा २’ या पर्यायाचेही तसेच. निष्कर्षांच्या प्रश्नात परस्परविरोधी जोडीला तो शोभतो. गृहीतकात बोलणाऱ्याने दोहोंपैकी नेमके कोणते धरले हे विधानावरून कळत नसेल, तर उत्तर ‘एकही नाही’ असेच हवे.

२०११ मध्ये केंद्राच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत कलचाचणीचा पेपर आला, २०१३ मध्ये राज्यसेवेत. सुटी विधाने मागे पडून उतारे पुढे आले आणि प्रश्नाची भाषाच पालटली: ‘या उताऱ्यावरून पुढील गृहीतके केली आहेत, त्यांपैकी कोणती वैध?’ इथे विचारले जाते ते लेखकाने काय धरले, की उताऱ्यातून काय निघते? दोन्ही वाचने शक्य आहेत आणि उत्तरे कधी पहिल्याशी जुळतात, कधी दुसऱ्याशी. नकाराची कसोटी पहिल्या वाचनालाच लागू पडते. दुसऱ्यात उताऱ्यातली ओळ बोटाने दाखवता येते का, एवढेच पाहावे. बाहेरचे ज्ञान, मग ते कितीही खरे असो, वापरू नये. शेतीवरचा उतारा आला की गावाकडची मुले इथेच गुण घालवतात, कारण त्यांना विषय उताऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतो.

कलचाचणीच्या पेपरचे गुण गुणवत्तेत धरण्याला ग्रामीण आणि कलाशाखेच्या उमेदवारांचा विरोध होता. केंद्राने २०१५ पासून आणि राज्याने २०२२ मध्ये तो ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता केला. राज्यसेवेत २०० पैकी ६६ गुण पुरतात. पण चुकीच्या उत्तराला चतुर्थांश कपात असते, त्यामुळे अंदाजाने केलेल्या खुणा अजूनही महागात पडतात. पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घेता येते. गृहीतकाच्या प्रश्नावर ती घ्यायची तर ‘उत्तर चुकीचे वाटते’ एवढ्याने भागत नाही. मूळ विधान, गृहीतकाचा नेमका नकार आणि त्या नकारासह विधान टिकते की कोसळते, या तीन ओळी लिहून सोबत तर्कशास्त्राच्या प्रमाण पुस्तकातले नकाराचे पान जोडावे.